गाठीचा भाव

मागच्या उन्हाळ्यात वळवाच्या वादळानं शिरूर अनंतपाळला आमच्या रानातलं एक जुनं कडुलिंब पाडलं. दोन दिवसांनी लाकूड अड्ड्यावरचा माणूस आला. त्याने बुंध्याला टेप लावला, फांद्यांचा जळणाच्या भावानं हिशेब केला, पैसे दिले आणि ट्रॅक्टर भरून निघून गेला. खोडावर छातीएवढ्या उंचीला घागरीएवढी एक गाठ होती. तेवढी मात्र त्याने कापून बांधावर टाकून दिली. मी ती मोजत बसले होते, तेव्हा तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, म्हणाले, "कशाला मोजायलीस गं ते? ह्येला कोन बी घेत नाही. करवतीचे दात जातेत."

मी त्यांना फोनवर एक फोटो दाखवला. हाताने कातलेला लाकडी पेन, किंमत पाच हजार रुपये. लाकूड कोणतं, तर अंबोयना बर्ल. बर्ल म्हणजे खोडावरची अशीच गाठ.

तात्यांनी फोटो बोटाने मोठा करून नीट पाहिला. मग बांधाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे अजून एक कडुलिंब उभं आहे, आणि त्यालाही गाठ आहे. "मंग त्येचे किती येतील?"

माझा पीएच.डी.चा विषय लाकडाचं मोजमाप आणि प्रतवारी यांचा इतिहास आहे. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात केलं आणि नंतर विज्ञानाच्या इतिहासाकडे वळले. म्हणजे हा प्रश्न माझ्याच अभ्यासातला होता आणि तरी मला उत्तर देता आलं नाही. त्याच सुमारास माझ्या आराखड्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: मराठी मुलखात अशा गाठींना कधीच मोल नव्हतं. सरांनी समासात एवढंच लिहिलं, "कशावरून?" आजचा लेख त्या दोन प्रश्नांबद्दल आहे. संशोधनाला लागण्याच्या तयारीत असलेल्यांना माझी चूक उपयोगी पडेल, कारण ती फार सामान्य चूक आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. झाडाला जखम झाली, बुरशी किंवा जिवाणूंचा त्रास झाला, किंवा काही वेळा वरून कारण दिसतही नाही, तर खोडाच्या एखाद्या जागी वाढ बेताल होते. तिथे अनेक सुप्त कळ्या गर्दी करतात, पण त्यांच्या फांद्या होत नाहीत. लाकडाचे धागे त्यांना वळसे घालत वाढतात. वर्षानुवर्षं हे चाललं की फुगवटा तयार होतो. तो कापला की आत प्रत्येक कळीचा एक ठिपका दिसतो, ज्याला पेन करणारे 'डोळा' म्हणतात, आणि डोळ्यांभोवती भोवऱ्यासारख्या रेषा. साध्या लाकडात धागे एका दिशेने धावतात. इथे दिशाच नाही. म्हणून रंधा अडकतो, पटाशीने ढलपा निघतो आणि करवतीचे दात खरंच जातात.

मराठीत आपण फांदी जिथे खोडात शिरते त्या जागेलाही गाठ म्हणतो आणि या फुगवट्यालाही गाठच म्हणतो. कुणी आवाळू म्हणतं, पण ते क्वचित. इंग्रजीत पहिलीला 'नॉट' आणि दुसरीला 'बर्ल' असे वेगळे शब्द आहेत. जुन्या नोंदीत "गाठाळ लाकूड" असं आलं तर त्यातलं कोणतं, हे शब्दावरून कळत नाही. ही अडचण लक्षात ठेवा.

आता पेनाचा हिशेब. पेनासाठीचा लाकडी ठोकळा, ज्याला सगळे 'ब्लँक' म्हणतात, साधारण पाऊण इंच गुणिले पाऊण इंच गुणिले पाच इंच असतो. एका घनफुटात 1728 घनइंच असतात, म्हणजे करवतीत काहीच वाया गेलं नाही असं धरलं तर एका घनफुटातून 614 ब्लँक निघतील. समजा चांगलं सागवान घनफुटाला 4000 रुपये आहे. मग एका ब्लँकमधलं लाकूड साडेसहा रुपयांचं. करवतीत निम्मं गेलं असं धरा, तेरा रुपये. आता समजा बर्लचा तेवढाच ब्लँक 600 रुपयांना मिळतो. उलट हिशेब केला तर घनफुटाचा भाव होतो 3 लाख 68 हजार 400 रुपये. या भावाने जगात कुणी दरवाजा करणार नाही. अर्थात हा भाव खरा नाहीच, कारण बर्ल घनफुटाने विकलाच जात नाही. तो नगावर विकला जातो, फोटो दाखवून, प्रत्येक तुकडा वेगळा.

ज्यांनी कधी पेन कातला आहे ते आणखी एक गोष्ट सांगतील. ब्लँकच्या बाहेरून दिसणारी नक्षी पेनावर येत नाही. 19 मिलिमीटरच्या चौकोनाला मधोमध आठेक मिलिमीटरचं भोक पाडून पितळी नळी बसवतात आणि बाहेरून कातून तेरा मिलिमीटरचा गोल करतात. क्षेत्रफळ काढून पाहा: 361 चौरस मिलिमीटरपैकी उरतं 82 च्या आसपास. चार भागांतला जेमतेम एक भाग पेन होतो, बाकी भुसा. म्हणून जाणता माणूस ब्लँक घेताना चारही बाजू आणि दोन्ही टोकं बघतो. डोळे एकाच बाजूला असतील तर पेन फिरवल्यावर अर्धा भाग कोरा निघतो. साल आत शिरलेली असेल तर कातताना तुकडा उडतो. आणि ओलावा. लाकूड वाळताना वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. सरळ लाकडात हे सांभाळता येतं. बर्लमध्ये दोन्ही दिशा जागोजागी अदलाबदल करत असतात, म्हणून तो तडकतो. उपाय म्हणजे टोकांना मेण लावून सावलीत ठेवायचं, दर आठवड्याला वजन करायचं आणि वजन घटायचं थांबलं की मगच हात लावायचा. घाई असेल तर पूर्ण वाळवलेल्या तुकड्यात निर्वात भांड्यात पातळ रेझिन शिरवून भट्टीत घट्ट करतात. असा पक्का केलेला तुकडा महाग असतो, आणि काही जणांच्या मते तो लाकूड राहत नाही. मला तो वाद रंजक वाटतो, पण आज नको.

मूळ मुद्द्याकडे येते. पेनासाठी चांगलं लाकूड किंवा चांगली काडी कशी निवडावी, हा प्रश्न मराठीत जुना आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थ रामदास अक्षर कसं काढावं, समास किती सोडावा, शाई आणि कागद कसा असावा, सगळं सांगतात. त्यातच बरूही आहे. ठिकठिकाणच्या मुलखांतून बरू आणावेत, ते घट्ट, बारीक आणि सरळ पाहून घ्यावेत, नाना रंगांचे, नाना जातींचे आणावेत, असा त्या ओवीचा आशय. सतराव्या शतकातला हा मजकूर आहे. 'दूरदेशीचं लाकूड पेनासाठी मागवणं' हा आजकालचा शौक आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा समास वाचावा. पण निवडीचा क्रम बघा. आधी घट्ट, बारीक, सरळ. रंग त्यानंतर. कारण बोरूचं टोक तासायचं, चिरायचं आणि त्यातून शाई उतरवायची असते. पेराशी वाकडा झालेला, गाठीचा बरू चाकूखाली फाटतो. तिथे गाठीला मोल नव्हतं हे खरं, पण त्याचं कारण बरूच्या कामात आहे, मराठी माणसाच्या आवडीनिवडीत नाही. माझ्या आराखड्यातल्या वाक्यात हा फरक मी गिळून टाकला होता.

मोठ्या लाकडाकडे वळलं की हाच फरक आणखी ठळक होतो. मुंबईचं जहाजबांधणीचं उदाहरण सर्वांना माहीत असतं. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढच्या पिढ्यांनी मलबारच्या सागवानातून जहाजं बांधली. 1817 मध्ये इथे बांधलेलं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे आजही पाण्यावर आहे. जहाजाला सरळ सागवान तर लागतंच, पण सांध्यांच्या कोनांत बसवायला नैसर्गिकरीत्या वाकलेलं लाकूडही लागतं. सरळ फळी कापून कोन केला तर धागे तुटतात. वाकड्या फांदीत धागा कोनातून अखंड जातो. त्यामुळे जहाजवाल्याला वाकडं झाड शोधावं लागे. म्हणजे 'सरळ ते महाग, वाकडं ते स्वस्त' हेही सरसकट खरं नाही. काम कोणतं, यावर ते ठरतं.

योगायोग असा की त्याच 1736 साली लंडनमध्ये एडवर्ड हॉपस नावाच्या माणसाचं मोजमापाचं पुस्तक निघालं. गोल ओंडक्याचं घनफळ काढायची त्याची रीत भारतातही वनखात्यांतून आणि वखारींतून रुळली. ओंडक्याच्या मध्यावर दोरी फिरवून घेर घ्यायचा, त्याचे चार भाग करायचे, त्या चतुर्थांशाचा वर्ग करून लांबीने गुणायचं. गणित करून पाहिलंत तर कळेल की या रीतीने खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच हाती येतं. उरलेलं साल आणि कापणीतली घट म्हणून सोडलेलं. रीत चतुर आहे, गरीब हमालही दोरीने करू शकतो. पण तिच्या पोटात एक गृहीतक आहे: ओंडका गोल आणि सरळ आहे. मध्यावर बर्ल असेल तर घेर खोटा येतो, म्हणून मोजणारा दोरी बाजूला सरकवतो किंवा फुगवटा आधी उडवतो. आमच्या बांधावर अड्डेवाल्याने नेमकं हेच केलं.

सरांच्या "कशावरून?"चं निम्मं उत्तर मला इथे मिळालं. मला नोंदींत गाठींचा भाव दिसत नव्हता आणि मी त्यावरून मोल नव्हतं असं ठरवलं. पण ज्या सूत्राने नोंदी झाल्या त्या सूत्रात गाठीला जागाच नव्हती. तिचा एखाद्या कातारी माणसाने वाटी-खलबत्त्यासाठी उपयोग केला असेल, तरी तो व्यवहार ओंडक्याच्या खात्यात कधीच उतरला नसता. नोंद नसणं आणि वस्तूला मोल नसणं या दोन गोष्टी मी एक धरल्या. तुमच्या विषयात लाकूड नसेल, पण एखादं सूत्र, एखादा तक्ता, एखादा छापील अर्ज नक्की असेल. त्याच्या रकान्यांत काय बसत नाही, ते आधी पाहा.

खेड्यात तर लाकडाला भावच वेगळ्या तऱ्हेने होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 1915 चं 'गाव-गाडा' वाचलंत तर बलुतेदारीचा सगळा व्यवहार समोर येतो. आमच्याकडेही जुनी माणसं तेच सांगतात. बाभळीचं लाकूड कुणब्याचं, त्याच्याच बांधावरचं. सुतार त्याचा नांगर करून देई, कुळव करून देई, आणि सुगीला खळ्यावर बलुतं नेई. सुताराला मिळे तो कामाचा मोबदला, आणि लाकडाची किंमत कुणी बोलतच नसे. घरंही तशीच. लातूर-धाराशिव भागातली जुनी माळवदाची घरं खणांवर मोजत. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर मातीचं माळवद. घर किती मोठं, तर इतक्या खणांचं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात माणसं मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या मातीच्या ओझ्याने. कित्येक ठिकाणी भिंती कोसळल्यावरही लाकडी सांगाडा उभा राहिल्याचं तज्ज्ञांनी नोंदवलं आहे. असा खांब निवडताना गाठ टाळायचीच असते, कारण भार आला की लाकूड गाठीपाशी मोडतं. आमच्या वाड्यातल्या एका तुळईला गाठ आहे आणि आजीचं अंथरूण त्या खणात कधीच नसायचं. लहानपणी मला ती अंधश्रद्धा वाटायची. लाकडाच्या ताकदीची प्रकरणं वाचल्यावर आजीचं बरोबर होतं असं वाटतं.

आता भावाची दुसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' 1715 च्या सुमाराचं आहे. त्यातला झाडांबद्दलचा मजकूर दर पर्यावरण दिनाला 'शिवाजी महाराजांची आज्ञा' म्हणून फोनवर फिरतो. महाराजांचं निधन 1680 चं. ग्रंथ अमात्यांचा आहे, महाराजांच्या कारभाराची आठवण जागी ठेवून पण पस्तीसेक वर्षांनंतर आणि कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेला. त्यामुळे शोधनिबंधात तो उतारा घ्याल तेव्हा कर्ता आणि काळ नीट लिहा. परीक्षकाने पहिल्याच पानावर अडवलेलं मी पाहिलं आहे.

मजकूर असा आहे: आरमाराला तख्ते, सोट, डोलकाठ्या लागतात. त्यासाठी राज्यातल्या अरण्यात सागवानासारखी झाडं असतील, त्यातलं हुजूर परवानगीने तोडून न्यावं. जास्त लागेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा, फणसही आरमाराच्या कामाची लाकडं आहेत, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. बळजबरी अजिबात करू नये.

नीट वाचलं तर इथे एका लाकडाचे तीन भाव आहेत. रानातल्या सागवानाचा भाव म्हणजे परवानगी. परमुलखातल्या लाकडाचा भाव म्हणजे बाजाराची किंमत. आणि आंब्याचा भाव लाकडात नाहीच, तो झाड वाढवण्यात गेलेल्या वर्षांत आहे आणि धन्याच्या राजीखुशीत आहे. महाराष्ट्राच्या 1964 च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत सागवानाबरोबर आंबा, फणस, चिंच आहेत, हे पाहिलं की अडीचशे वर्षांत यादी फारशी हललेली नाही असं जाणवतं. अनुसूचीत कडुलिंब नाही. त्याकडे पुढे येऊ.

मग गाठ महाग झाली कुठे? मला सापडलेलं सर्वांत जुनं ठळक उदाहरण रोमचं आहे. थोरल्या प्लिनीच्या 'नॅचरल हिस्टरी'च्या तेराव्या खंडात उत्तर आफ्रिकेतल्या एका झाडाच्या मेजांचं वर्णन आहे. आज त्या झाडाला थुया म्हणतात, आणि मोरोक्कोतून त्याच्या गाठी अजूनही पेनवाल्यांकडे येतात. मोल खोडाला नव्हतं, मुळाशी येणाऱ्या गाठीला होतं, त्यातही जमिनीखाली वाढलेल्या गाठीला. वाघासारखे पट्टे, चित्त्यासारखे ठिपके, मोराच्या पिसासारखे डोळे अशी प्रतवारी होती. सिसरोने अशा एका मेजाला पाच लाख सेस्टर्स मोजले असं प्लिनी सांगतो. त्या काळच्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार 900 सेस्टर्स. म्हणजे एक मेज साडेपाचशे वर्षांच्या पगाराचं. प्लिनी पुढे लिहितो की नवरे मोत्यांवरून बोलले की बायका त्यांना या मेजांवरून उलट ऐकवायच्या. दोन हजार वर्षांत घरातला हा संवादही फारसा बदललेला नाही.

आपल्याकडे असा शौक होता, पण फार वर. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी 1930 च्या दशकात माणिकबाग राजवाडा एकार्ट म्युथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून सजवून घेतला. तिथल्या अभ्यासिकेचं सामान पॅरिसच्या रुहलमानने मकासर आबनुसात केलं होतं, म्हणजे इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या पट्टेदार लाकडात. हाच रुहलमान अंबोयना बर्ल वापरण्यासाठीही प्रसिद्ध. राजवाड्यातलं सामान 1980 मध्ये मोनॅकोच्या लिलावात गेलं.

सिसरोचं मेज, होळकरांचं टेबल, पाच हजारांचा पेन. या तिन्हींत लाकडाला काम काय आहे? जवळजवळ काहीच नाही. मेजावर थाळी ठेवायची, टेबलाच्या सांगाड्यावर पातळ पापुद्रा चिकटवायचा, पेनात पितळी नळी भार सोसते आणि आतली रिफील लिहिते. पेनाचा इतिहास हेच सांगतो. बोरू असेपर्यंत काडी स्वतः लिहीत होती, म्हणून सरळ हवी. मग टाक आला. लोखंडी निब लिहू लागली, लाकडाची फक्त दांडी झाली, आणि ती स्वस्त व सरळ लाकडाची असे. मग फाउंटन पेन. त्याच्या पोटात शाई भरायची, आणि लाकूड शाई पितं, फुगतं. तिथे रबर गंधकाबरोबर कडक करून केलेलं एबोनाइट आलं. नावातच एबनी, म्हणजे आबनूस. ते लाकडाची नक्कल म्हणून जन्मलं, पुढे लाल-काळ्या लाकडी रेषांचं एबोनाइटही निघालं. आपल्याकडे हाताने पेन कातण्याची परंपरा याच एबोनाइटवर वाढली. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशीच्या हाकेवर केलेला पेन 1935 मध्ये गांधीजींपर्यंत पोचला, तोही एबोनाइटचाच. लाकूड पेनात परत आलं ते आत नळी आणि रिफील बसल्यावर. लिहिण्याची जबाबदारी सुटली आणि मगच गाठ चालू लागली, नव्हे, तिचीच मागणी झाली.

माझ्या आराखड्यातलं वाक्य आता असं आहे: ज्या वापरात लाकडाला भार किंवा शाई सोसावी लागते तिथे गाठ हा दोष, आणि जिथे ते सोसावं लागत नाही तिथे तीच गाठ नक्षी. मराठी मुलखाबद्दल मी आता काही ठरवून टाकत नाही. सरांनी समासात काही लिहिलं नाही, म्हणजे चाललं असावं.

पण तात्यांचा प्रश्न उरतोच. मी पडलेल्या गाठीचा हिशेब केला. सड, साल, पोकळ्या सोडून दहा गुणिले आठ गुणिले सहा इंचांचा एक कामाचा ठोकळा निघेल. करवतीची घट धरून त्यातून सव्वाशेच्या आत ब्लँक. वाळताना निम्मे तडकतील, साठ हाती राहतील. आता भाव. इथे मी अडकले, कारण अंबोयनाला भाव आहे तो थोडासा डोळ्यांचा आणि बराचसा नावाचा. अंबोयना म्हणजे मोलुक्कातलं अंबोन बेट. झाड टेरोकार्पस कुळातलं, आपल्या बिबळ्याचा सख्खा भाऊ. बिबळ्याच्या भांड्यात पाणी ठेवून पिणारी माणसं तुम्हाला गावोगाव भेटतील, पण बिबळ्याच्या गाठीचा पेन मी पाहिलेला नाही. दूरचं ते दुर्मीळ. युरोपातल्या गिऱ्हाइकाला आपलं शिसव दूरचं, आणि 2 जानेवारी 2017 पासून शिसवाचं पूर्ण कुळच आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस नियमांखाली आलं. कडुलिंब मात्र कुणासाठी नवलाचं नाही. 'नीम बर्ल' म्हणून फोटो टाकला तर पहिल्या काही तुकड्यांना कुतूहलाचे पैसे मिळतील, पुढे किती, ते पुढेच कळेल.

आणि समजा मिळालेच, तर? कॅलिफोर्नियात रेडवूडच्या गाठींना भाव आल्यावर चोर रात्री यांत्रिक करवती घेऊन राष्ट्रीय उद्यानात शिरू लागले. 2014 मध्ये तिथला एक रस्ता रात्रीचा बंद करावा लागला. गाठ कापली की झाडाच्या सालीत मोठी जखम राहते, तिथून कीड आणि बुरशी शिरते. तिथे हजार वर्षांची जंगलं आहेत, रखवालदार आहेत. आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. इथे जुनं झाड म्हणजे बांधावरचं, देवळापुढचं, विहिरीवरचं एकेकटं झाड. आजवर त्यांच्या गाठी वाचल्या, कारण त्या करवतीचे दात मोडत होत्या. लेख लिहून मी ती अडचण दूर करते आहे की काय, ही शंका मला लिहिताना सतत होती. म्हणून मी फोटो टाकलेला नाही. तुम्ही क्षेत्रकार्याला जाल तेव्हा दुर्मीळ गोष्टींचे अचूक पत्ते छापायच्या आधी एकदा थांबा.

तात्यांना मी सगळं सांगितलं. साठ तुकडे, वर्षभर वाळवणं, कातायला लेथ, नळ्या परगावाहून, आणि उभ्या झाडाची गाठ काढली तर झाड काही वर्षांत वाळण्याची भीती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आन् त्या झाडाखाली दुपारची बैलं कुठं बांधू?"

पडलेली गाठ आता गोठ्याच्या माळ्यावर आहे, टोकांना मेणबत्तीचं मेण चोपडलेली. दर रविवारी तात्या तिला तागडीवर घालून वजन मला फोनवर सांगतात. सुरुवातीला अडतीस किलो होती. परवा साडेएकोणतीस भरली. अजून घटते आहे.